अडकित्ता ज्याच्या हाती

चार माणसं एका सतरंजीवर बसवायची आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न टाकायचा. प्रश्न सुटो न सुटो, किस्सा हमखास तयार होतो! मी उभी हयात हाच उद्योग केला. माणसं बसवायची, बोलती करायची आणि आपण कोपऱ्यात बसून लिहून घ्यायचं. त्यामुळे किस्से इतके साठलेत की आमची ही म्हणते, "दिवाळीला घर झाडताना एवढा पसारा निघत नाही, तेवढा तुमच्या तोंडातून निघतो." म्हणू दे बापडी. तुम्ही आग्रह करताय म्हणून सांगतो. नाहीतरी खामगावच्या या उन्हात पाच वाजेपर्यंत कुठे जाणार आहात? बसा!

मी ग्रामसेवक होतो. मूळचा चिखलीकडचा. महाराष्ट्र नवा नवा झाला होता, पंचायत समित्या नुकत्याच सुरू झालेल्या. माझी पहिली नेमणूक उंबरटाकळीला झाली. पिंपळगाव राजाला एसटीतून उतरायचं आणि पुढं चार मैल सायकल. तीही उन्हाळ्यात. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत सायकल माझ्या खांद्यावर बसून यायची!

कोणाला भजनाचं वेड असतं, कोणाला कुस्तीचं. मला हे बसण्या-बोलण्याचं वेड त्या गावानं लावलं. पुढं दोनदा बढती आली, दोनदा नाही म्हणालो. बीडीओ साहेब म्हणाले, "अहो, ऑफिसात खुर्ची मिळेल." मी म्हणालो, "साहेब, खुर्चीवर एकच माणूस बसतो."

*

उंबरटाकळीच्या पहिल्या ग्रामसभेला सात माणसं आली. त्यातली तीन सावलीसाठी. मी मात्र तासभर विकासावर भाषण ठोकलं. नवीन होतो ना!

दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं तर हजेरी शंभराच्या वर! अंगठेच अंगठे. मी गुलाब कोतवालाला बोलावलं. गुलाब म्हणजे गावाचा दवंडीवाला, निरोप्या आणि माझा उजवा हात. विचारलं, "गुलाब, ही माणसं आली कधी?"

"ते कायले येतात भाऊसाहेब? मीच गेलतो. घरोघर."

म्हणजे ग्रामसभा घरपोच! शाईचं पॅड घेऊन गुलाब सकाळपासून हिंडला होता. एका म्हाताऱ्याचे तर दोन अंगठे होते. मी म्हणालो, हे काय? गुलाब शांतपणे म्हणाला, "बुढा म्हने, एक माहा आन् एक बैलाचा. बैलबी गावातच रायते ना!"

*

आता हसून झालं असेल तर एक सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गाव नाल्याच्या एका काठावर. दुसऱ्या काठावर वीस-पंचवीस घरांची पलीकडची वस्ती. गावातली एकुलती एक सुईण राहायची त्या वस्तीत. सत्तरीला टेकलेली बाई. सगळे तिला सुईनमाय म्हणत. गावातलं मागच्या चाळीस-पन्नास वर्षांतलं जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्या हातावर जन्मलेलं. आणि नाल्यावर पूल नाही.

गुलाब दिवसभर हसवणारा माणूस. एकदा सायकल पुसता पुसता म्हणाला, "गेल्या भादव्यात माही सून अडली, भाऊसाहेब. नाल्याले पूर. सुईनमाय त्या काठावर उभी, मी या काठावर. दोघंबी नुसते उभे. सून वाचली. लेकरू गेलं." एवढं बोलून तो पुन्हा सायकल पुसायला लागला. 

त्याच साली पंचायत समितीनं आमच्या गावाला एक लहानसा पूल मंजूर केला. अट एकच. जागा गावानं ठरवायची आणि मार्चअखेरच्या आत ठराव पाठवायचा. नाही पाठवला तर पूल दुसऱ्या गावाला!

झालं, गावात दोन तट पडले. सरपंच आप्पासाहेबांचं म्हणणं, पूल आपल्या मळ्याजवळ व्हावा, म्हणजे कापसाच्या गाड्या सरळ खामगावच्या रस्त्याला लागतील. वस्तीचं म्हणणं, जांभळीखाली व्हावा. तिथं एक जुनं जांभळीचं झाड होतं आणि त्याच्याखालून पायवाट. वस्तीचं म्हणणं म्हणजे काय, तर वस्तीतला एकजण माझ्या कानात हळूच बोलला, तेवढंच. आप्पासाहेबांपुढं मोठ्यानं बोलणार कोण?

*

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हता हो. पंचेचाळिशीचा गडी. जमीन मोठी, आवाज मोठा, आणि हसणंसुद्धा मोठं. पण ते सभेत बोलले की बाकीचे सगळे माना हलवायचे. मी मोजलं होतं, ग्रामसभेत बोलणारी माणसं तीन, आणि त्यातले दोन आप्पासाहेबांचे चुलतभाऊ.

मग मला एक कल्पना सुचली. मतदार यादी घ्यायची, प्रत्येक नावाची चिठ्ठी करायची, चिठ्ठ्या घागरीत टाकायच्या आणि अकरा काढायच्या. ज्यांची निघेल त्यांनी दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पारावर बसायचं, पुलाचा विचार करायचा, आणि सगळ्यांचं एकमत होईल ते पंचायतीला सांगायचं. श्रीमंत-गरीब, बाई-बाप्या, जो निघेल तो. निवडणूक अटीतटीची झाली की आपल्याकडे ईश्वरचिठ्ठी टाकतातच की! मी फक्त ईश्वराला जरा आधी बोलावलं.

आप्पासाहेबांना हे सांगितलं तर ते पोट धरधरून हसले. "मंग आमी निवडनूक कायले लढलो, भाऊसाहेब? घागरच उभी कराची होती!"

पण दिलदार माणूस. म्हणाले, "बसू द्या. चार खेपा बसतीन, पाचव्या खेपेले म्हशी पाहाले जातीन." तेव्हापासून गावात माझं नाव पडलं चिठ्ठीभाऊ. मला आधी राग यायचा. पुढं पत्रंसुद्धा त्याच नावानं यायला लागली आणि पोस्टमन बरोबर माझ्या दारात!

*

चिठ्ठ्या काढायच्या दिवशी मात्र पारावर ही गर्दी! घरपोच ग्रामसभेचं गाव, पण चिठ्ठी म्हटल्यावर सगळं आलं. गुलाबनं घागरीत हात घातला. पहिलीच चिठ्ठी निघाली नामदेव बुढ्याची. आणि नामदेव बुढा तर दोन वर्षांपूर्वीच वारलेला! यादी जुनी होती, मी काय करू?

मागून कोणीतरी ओरडलं, "बसवा त्यालेच! एक तरी गपचूप आयकनारा पाह्यजे!"

दुसरी काढली. बऱ्या निघाल्या पुढच्या. आणि मग एक आली, 'किसन रामजी यांची पत्नी.' म्हणजे असं की, यादी करणारा दारात यायचा, घरच्या बायकोचं नाव विचारायचा, आणि नवरा लाजून म्हणायचा, "लिहा, माही बायको." बायकोचं नाव चारचौघांत कसं घ्यायचं? यादीवालाही तसंच लिहून मोकळा. त्या यादीत अशा बिननावाच्या बायका ढिगानं होत्या.

आता पंचाईत अशी की गावात किसन रामजी दोन! एक गावातला, एक पलीकडच्या वस्तीतला. वस्तीतला किसन वारलेला, आणि त्याची बायको म्हणजे आपली सुईनमाय. गावातला किसन समोरच उभा होता. मी म्हणालो, "किसनराव, तुमच्या घरच्यांचं नाव सांगा, म्हणजे चिठ्ठीवर लिहून वेगळी ओळख ठेवू."

किसनराव कानापर्यंत लाल. "कसं सांगू जी भाऊसाहेब? लोकं हाये ना इथी."

पाऊण तास आम्ही बाप्ये वाद घालत होतो. खरी किसनची बायको कोणती! कोणी म्हणे चिठ्ठी फाडा, कोणी म्हणे दोघींची पुन्हा चिठ्ठी टाका. त्या दोघी पाराखाली पदर सावरून उभ्या. शेवटी किसनरावांची बायकोच वैतागून म्हणाली, "माही म्हैस आजउद्या जनाले झाली. मले येळ नाही. हे बसन." आणि सुईनमायकडे बोट दाखवून घरी निघून गेली. चर्चा बंद!

*

पहिल्या बैठकीला अकराही जण एकदम बोलले. प्रोसिडिंग बुकात मी काय लिहू? 'सर्वांनी सर्व मुद्दे मांडले' असं लिहिलं आणि बुक मिटलं.

घरी येऊन विचार करत बसलो. आठवलं की त्या गोंधळात एकटी सुईनमाय गप्प होती. का? तर ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. बस! दुसऱ्या बैठकीला मी नियम केला. अडकित्ता ज्याच्या हाती, त्यानं बोलायचं. त्यानं कातरलेली सुपारी बाकीच्यांनी तोंडात धरायची. बोलायचं नसेल तर अडकित्ता पुढे द्यायचा. तोंडात सुपारी असली की मधेच बोलता येत नाही, आणि कितीही चिडलं तरी हातात अडकित्ता असला की हातवारे जपूनच करावे लागतात!

नियम फळाला आला. एक भगवान वाणी सोडून. गावातला किराणा दुकानदार, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवायची जन्माची सवय. त्याच्या हाती अडकित्ता आला तो येतच राहिला. पूल, कापूस, सरकार, जावई, सगळं झालं. सुपाऱ्यांचा ढीग समोर. लोकांचे गाल फुगलेले, जिभा जाड झालेल्या. एकजण हात जोडून उठला आणि कसाबसा म्हणाला, "भगवानशेट, पूल बांधा, तोडा, काय वाट्टेल ते करा. पन दात ठेवा आमचे!"

सुईनमाय मात्र वेगळीच. तिची पाळी आली की ती एक शब्द बोलायची नाही. सुपारी अशी बारीक, एकसारखी कातरायची की बघत राहावं, ती सगळ्यांना वाटायची आणि अडकित्ता पुढे द्यायची. तिच्या सुपारीसाठी बाहेरची माणसंसुद्धा येऊन बसायला लागली. मी आपला खट्टू! जिला पुलाची सगळ्यात जास्त गरज, ती एका अक्षरानं बोलत नाही. मी गुलाबला म्हणायचो, "अरे, तिला सांग काहीतरी." तो म्हणायचा, "ते घाई करत नाही, भाऊसाहेब. तिच्या धंद्यात घाई चालत नाही."

*

बीडीओ साहेब एकदा अचानक जीप घेऊन आले. कडक माणूस. चिठ्ठीची बैठक, अडकित्ता, हे त्यांच्या कानावर गेलेलं. आल्या आल्या विचारलं, "या समितीचा अध्यक्ष कोण?"

अकरा जण एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कारण अध्यक्ष मी नेमलाच नव्हता. अध्यक्ष म्हटलं की बाकीचे माना हलवतात, हा माझा अनुभव.  तेवढ्यात भगवान वाणी म्हणाला, "अडकित्ता!"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे. साहेबांनी प्रोसिडिंग बुक उघडलं. "मग अध्यक्षांची सही कुठे आहे?"

मी काही बोलायच्या आत गुलाबनं काय करावं? अडकित्ता उचलला, शाईच्या पॅडवर दाबला आणि बुकात ठप्पा मारला!

मला वाटलं, संपली नोकरी. साहेब ठप्प्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "द्या इकडे. मलाही बोलायचंय." सतरंजीवर बसले, बूट काढून! अर्धा तास कातरत होते. जाताना म्हणाले, "आमच्या मीटिंगला न्यावा म्हणतो एक." मार्चअखेरची अट मात्र त्यांनी एका दिवसानंही वाढवून दिली नाही.

*

यश डोक्यात जातं बघा. मी एकदा घरी फुशारकी मारली, की अख्खं गाव बोलतं केलं. आमची ही पोळ्या लाटत होती. चुलीच्या धुरानं डोळे लाल. म्हणाली, "गावाची गाऱ्हाणी ऐकता, घरची कोण ऐकणार? आणा तो अडकित्ता इकडे."

मी हसत हसत दिला. लग्नातल्या रुसव्यापासून सुरुवात झाली. मग माझ्या आईचं बोलणं, मग चिखलीहून इथं या चिखलात आणून टाकलं ते, मग ही धुराची चूल. मी आपला सुपारी चघळतोय. बऱ्याच वेळानं म्हणालो, "अगं, आता माझ्याकडे दे."

"बोलायचं नसेल तरच पुढे द्यायचा, असा तुमचाच नियम ना? मला अजून बोलायचंय!"

त्याच आठवड्यात चुलीवर धुराडं बसलं. अडकित्ता पुन्हा कधी घरी नेला नाही.

*

आमची कीर्ती पसरली. एका गावानं, नाव नको, मला चिठ्ठ्या टाकायला बोलावलं. तिथल्या एका बड्या माणसानं घागर आधीच भरून तयार ठेवलेली. म्हणाला, "तुम्हाला त्रास नको म्हणून आम्हीच चिठ्ठ्या लिहिल्या."

पहिली चिठ्ठी काढली, त्याच माणसाचं नाव. दुसरी काढली, तेच नाव. तिसरीही तेच! त्यानं दोन्ही हात जोडून आभाळाकडे पाहिलं. "ईश्वराची मर्जी!"

समोरची एक म्हातारी उठली, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "मले वाचता येत नाही बाप्पा. पन ईश्वराले बी दुसरं नाव लिहिता येत नाही का?"

मी सायकल काढली आणि निघालो. पिंपळगाव येईपर्यंत हसत होतो. समोरून येणारे मला रस्ता देत होते.

*

तर पूल. मार्च निम्मा सरला, तरी अकरांचं एकमत होईना. सहा जण म्हणत मळ्याजवळ, चार म्हणत जांभळीखाली, आणि सुईनमाय सुपारी कातरतेय. मतं घेऊन मोकळं व्हा, असं आप्पासाहेब म्हणाले. मी नाही म्हणालो. सहांनी पाचांना हरवलं की पुलावरून जाताना पाच जण रोज आठवण काढतील.

म्हणून एक दिवस सगळ्यांना घेऊन दोन्ही जागा बघायला गेलो. पंचायत समितीचा ओव्हरसियर साखळी घेऊन आला. मोजलं, ठोकलं, खणून पाहिलं. भगवान वाणी नवं धोतर नेसून आला होता तो जांभळीखालच्या गाळात मांडीपर्यंत गेला. ओव्हरसियरनं वही मिटली आणि सांगितलं, "दोन्हीकडे खडक लागतो. खर्च सारखाच. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही जागा योग्य आहेत."

भगवान वाणी गाळातूनच ओरडला, "मंग तुमी आले कायले?"

*

शेवटची बैठक मार्चच्या अगदी शेवटच्या आठवड्यात. ठराव घेऊन मला दुसऱ्या दिवशी सकाळी खामगावला जायचं होतं, नाहीतर पूल गेला. अख्खं गाव पाराभोवती. आप्पासाहेब अकरांत नव्हते, त्यांची चिठ्ठी निघाली नव्हती. ते बाजूला खाटेवर बसून ऐकत होते. गुलाब शाईचं पॅड घेऊन माझ्या मागं उभा.

अडकित्ता फिरला. तेच गाड्यांचे मुद्दे, तेच पायवाटेचे. माझा धीर सुटत चाललेला. मनात म्हणालो, चार महिने माणसं बसवली आणि शेवटी काहीच नाही. आप्पासाहेबांचे चुलतभाऊ गालात हसायला लागले होते.

अडकित्ता सुईनमायच्या हाती आला. तिनं सुपारी घेतली. कातरली. वाटली. मी आपला हात पुढच्या माणसाकडे केला, नेहमीसारखा.

तिनं अडकित्ता दिला नाही.

शेजारच्या माणसाकडे बघून म्हणाली, "तुहा थोरला पायाळू जलमला. भर पावसाचे दिवस. मले न्यायले तू आलता. कुठून उतरलता?"

तो गडबडला. "जांभळीखालून व माय."

दुसऱ्याकडे वळली. "तुह्या बहिनीच्या येळेस तुहा बाप आलता. तू सोबत. कुठून?"

"जांभळीखालून."

"भगवान, तू?"

"जांभळीखालूनच," भगवान वाणी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा एकाच शब्दात थांबला.

अशी ती गावातल्या एकेकाला विचारत गेली. मळ्याजवळचे सहाही आले त्यात. कोणी छातीइतक्या पाण्यातून गेला होता, कोणी तिला खांद्यावर घेऊन आला होता. प्रत्येकाची जागा तीच. पाराभोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. गुलाबकडे तिनं एकदा पाहिलं. त्याला विचारलं नाही. 

मग ती उठली आणि अडकित्ता घेऊन आप्पासाहेबांच्या खाटेपाशी गेली.

एक चुलतभाऊ म्हणाला, "अकरांत नाही व ते! नियम हाये."

"अडकित्ता माह्या हाती हाये ना?" ती म्हणाली. "मंग मी कोनालेबी देईन." आणि आप्पासाहेबांच्या हातात ठेवला. "आप्पा, तीनदा आलता तू. कुठून उतरलता?"

आप्पासाहेब अडकित्त्याकडे बघत बसले. उघडला, मिटला. तो मोठा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. हळूच म्हणाले, "जांभळीखालून. तिन्ही येळा."

 मग आप्पासाहेबांनीच मान वर केली आणि माझ्यावर खेकसले, "लिहा ना, भाऊसाहेब! पाहून काय राह्यले? पूल जांभळीखाली!"

"आणि गाड्या, आप्पासाहेब?" मी म्हणालो. विचारायला नको होतं, पण सवय!

"गाड्या जातीन अर्धा मैल फिरून. बैलाले काय कळा येऊन राह्यल्या?"

असं हसू फुटलं म्हणून सांगू! चुलतभाऊसुद्धा हसले. गुलाब हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मला तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. ठराव लिहायला घेतला.  सगळे अकरा एकमत. खाली लिहिलं, 'सूचक', आणि पुढं चिठ्ठीवरचं नाव उतरवलं. तसंच मोठ्यानं वाचून दाखवलं, "सूचक, किसन रामजी यांची पत्नी."

"ते खोडा," सुईनमाय म्हणाली.

मला वाटलं, तिला सूचक व्हायचं नाही. "का माय?"

"पूल मी सांगतला. माहं नाव लिहा. मनकर्णा."

 गुलाब माझ्याकडे बघतोय, मी भगवानकडे, भगवान किसनरावांकडे. मी खोडलं. लिहिलं. मनकर्णा. तिनं शाईत अंगठा बुडवला आणि नावासमोर टेकवला.

आप्पासाहेब खाटेवरून उठून आले. कागदावर वाकून ते नाव त्यांनी पाहिलं. म्हणाले, "माह्या जल्माले तू होती, माह्या लेकरायच्या जल्माले तू होती. अन् तुहं नाव मले आज मालूम झालं. इतके साल काऊन नाही सांगतलं व माय?"

तिनं त्यांच्या हातातून अडकित्ता काढून घेतला. सुपारीचं एक खांड कातरलं, तोंडात टाकलं.

"इचारलं कोनं?"